स्विचला ओळखपत्र: ‘नॉट सिक्युअर’ घालवायचं कसं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यात आज मॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या केबल जोडायचे, सेटिंग बदलता येणारे डबे) सहज निघतात. ऑफिसच्या रॅकमध्ये एक-दोन, मशीन शॉपमध्ये एक, पॅटर्न शॉपमध्ये एक, वजनकाट्यावर, गेटच्या केबिनमध्ये. बसवताना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं) आणि पासवर्ड घातला की काम झालं असं धरतात. पुढे कधी सेटिंग बदलायला ब्राउझर उघडला की आडवं येतं ते इशाऱ्याचं पान: ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. त्यावर काय करायचं हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. नवीन पोरालाही तेच शिकवलं जातं, “लाल आलं तर घाबरायचं नाही. अ‍ॅडव्हान्स्ड दाब, खाली प्रोसीड दिसंल, जा पुढं.”

ते पान एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर झाकून पाठवणं, नाही म्हणून येत नाही. एन्क्रिप्शन तर चालू असतंच. पलीकडे आपलाच स्विच आहे की दुसराच कोणी, हे ब्राउझरला सांगता येत नाही, म्हणून ते येतं. आणि ‘प्रोसीड’ दाबून आपण नेमका तोच प्रश्न टाळतो.

आधी एन्क्रिप्शन नसतानाची स्थिती बघू. टेलनेट म्हणजे कमांड टाइप करून लांबचं उपकरण चालवायची जुनी पद्धत. तिचं आजही चालणारं प्रमाण १९८३चं आहे. त्यात टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तारेवरून जसंच्या तसं जातं. साध्या एचटीटीपीचंही, म्हणजे ब्राउझर ज्या पद्धतीनं पान आणतो तिचंही, तेच. वायरशार्क हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून कुणी स्विचमध्ये लॉगिन केलं, तर लॉगिनच्या पाकिटात (तारेवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यात) युजरनेमच्या पुढे ‘अ‍ॅडमिन’ आणि त्याच्याच शेजारी पासवर्ड वाचता येतो. काही स्विच पासवर्डची थोडी गुंडाळगुंडाळ करून पाठवतात, पण तेवढ्यावर विसंबू नये.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की स्विच म्हणजे जुना हब नव्हे. तो पाकीट ज्याचं त्यालाच देतो, मग गेटवरच्या केबिनमधल्या कुणाला ऑफिसमधला पासवर्ड दिसेलच कसा? आक्षेप अर्धा खरा आहे. पण एखाद्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१०.२ या पत्त्याशी बोलायचं असतं, तेव्हा तो आधी त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना विचारतो, “हा पत्ता कुणाचा?” या विचारणेला एआरपी म्हणतात. उत्तर देणाऱ्याची कसलीही तपासणी होत नाही. जो ‘माझा’ म्हणेल त्याच्यावर विश्वास. त्यामुळे त्याच व्हीलॅनमधला व्हायरस लागलेला एखादा कॅमेरा किंवा सर्व्हिसला आलेल्या माणसाचा लॅपटॉप ‘माझा’ असं परत परत ओरडू शकतो. तसं झालं की तुमची पाकिटं आधी त्याच्याकडे जातात आणि मग खऱ्या स्विचकडे. स्विचचं पान नेहमीसारखंच उघडतं, कुणाला काही कळत नाही.

स्विचचा पासवर्ड गेला तर काय बिघडतं, असंही विचारतात. पोर्ट मिररिंग नावाची सोय बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये असते. एका पोर्टवरचं सगळं येणंजाणं दुसऱ्या पोर्टवर कॉपी करायचं, एवढंच तिचं काम. अकाउंट्सच्या पोर्टवर ती कुणी चालू केली तर पुढचं सांगायला नको. सीएनसी आणि पीएलसी यांना ऑफिसपासून वेगळं ठेवण्यासाठी तुम्ही जी व्हीलॅनची भिंत बांधली, ती त्याच पानावरून दोन क्लिकमध्ये पाडता येते.

आता एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्शन लावलेलं एचटीटीपी. स्विच आणि ब्राउझर बोलणं सुरू करताना आपापल्या तात्पुरत्या किल्ल्यांचा उघड अर्धा भाग एकमेकांना पाठवतात आणि त्यावरून दोघांनाच माहीत असलेली एक गुप्त संख्या तयार करतात. पुढचं सगळं संभाषण तिच्यापासून काढलेल्या किल्ल्यांनी झाकलं जातं. मध्ये बसून ऐकणाऱ्याला ती संख्या काढता येत नाही. पण मधला नुसता ऐकत नसेल तर? तो तुमच्याशी एक संभाषण करेल आणि स्विचशी दुसरं. दोन्ही पक्की एन्क्रिप्टेड, आणि मधोमध त्याला सगळं स्वच्छ दिसतंय. एन्क्रिप्शन कितीही मजबूत असलं तरी या डावावर त्याचा उपाय चालत नाही. उपाय एकच: बोलणं सुरू करतानाच समोरच्याने आपण कोण ते सिद्ध करायचं. ते काम सर्टिफिकेटचं.

सर्टिफिकेट ही एक छोटी फाइल असते. तिच्यात नाव-पत्ता, एक जाहीर किल्ली, कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा, आणि या सगळ्यावर कुणाची तरी डिजिटल सही. जाहीर किल्लीची जोडीदार असलेली खासगी किल्ली स्विचच्या आतच राहते. संभाषणाच्या सुरुवातीला स्विच त्या खासगी किल्लीने सही करून दाखवतो. म्हणजे नुसतं सर्टिफिकेट कॉपी करून कुणाला स्विचचं सोंग घेता येत नाही. राहिला प्रश्न सर्टिफिकेटवरच्या सहीचा: ती कुणाची, आणि तिला मानायचं का?

हे तुम्ही ई-आधारवर पाहिलेलं आहे. पीडीएफ डाउनलोड करून अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’. सही खोटी नसते, पण ज्या साखळीतून ती आली तिच्या मूळ संस्थेला तुमचा रीडर ओळखत नसतो. सहीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते सर्टिफिकेट विश्वासाच्या यादीत टाकलं की हिरवी टिक येते. फाइलमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं. बदलते ती तुमच्या कॉम्प्युटरमधली यादी. ब्राउझर आणि स्विच यांच्यातही हेच चालतं. स्विच डब्यातून येतो तेव्हा त्यानं स्वतःच्याच सर्टिफिकेटवर स्वतःच सही केलेली असते. ‘मीच तो’ असं मीच लिहून दिलं तर तहसीलदार कचेरीत कोण मानणार? ब्राउझरही मानत नाही. आणि मधल्या लबाडानं स्वतःचं असंच सर्टिफिकेट पुढं केलं तर ब्राउझर तंतोतंत तेच लाल पान दाखवतो. वर्षभर त्या पानावर प्रोसीड दाबणाऱ्याला त्या दिवशीचा फरक दिसणार कसा?

मग मानलेल्या संस्थेकडून सर्टिफिकेट घ्यावं का? १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते कारखान्याच्या आतले. ते तुमच्याकडेही आहेत आणि शेजारच्या फाउंड्रीतही, त्यामुळे जगमान्य संस्था त्यांच्यासाठी सर्टिफिकेट देत नाहीत. कंपनीचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याखाली स्विचला नाव देऊन ते मिळवता येतं. पण त्यात दोन कटकटी. असं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत जातं, म्हणजे तुमच्या आतल्या उपकरणांची नावं जगाला वाचायला मोकळी. दुसरी कटकट मुदतीची. २०२० पासून अशी सर्टिफिकेटं जास्तीत जास्त ३९८ दिवसांची झाली. १५ मार्च २०२६ पासून मर्यादा २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वेबसाइटच्या सर्व्हरवर हे आपोआप होतं. बहुतेक छोट्या स्विचवर हातानंच करावं लागेल, आणि दर दीड महिन्यानं सगळ्या स्विचची पानं उघडत बसायला कुणाला वेळ आहे?

म्हणून माझं स्पष्ट मत: कारखान्याची स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे सर्टिफिकेटवर सही देणारी संस्था, काढा. नाव मोठं वाटतं, काम एका निवांत दुपारचं आहे. ओपनएसएसएलच्या कमांड पाठ असतील तर त्यानं करा. नसतील तर एक्ससीए नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात सगळं खिडक्यांमधून होतं आणि कुठल्या सर्टिफिकेटची मुदत कधी संपते हेही एका यादीत दिसतं. विंडोज सर्व्हर आणि डोमेन असलेल्या मोठ्या ऑफिसात त्याचीच सर्टिफिकेट सर्व्हिस असते, पण पाच स्विचसाठी तिच्या वाटेला जाऊ नये.

आधी मूळ सर्टिफिकेट बनवायचं, म्हणजे रूट. त्याला दहा वर्षांची मुदत दिली तरी चालेल. त्याची खासगी किल्ली हा या सगळ्या कारभारातला सर्वांत नाजूक ऐवज. ती ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या यादीत हे रूट असलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला फसवू शकतो, आणि फक्त स्विचच्या नावानं नव्हे, बँकेच्या नावानंही. ही भीती पुस्तकी नाही. जुलै २०१४ मध्ये आपल्याच सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या डोमेनसाठी अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं होतं. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणाऱ्या भारताच्या सीसीएचं रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजवरचे बरेच प्रोग्राम ती खरी मानून चालले असते. सीसीएला एनआयसीची सही देणारी सर्टिफिकेटंच रद्द करावी लागली. तेव्हा किल्लीला दणकट पासवर्ड घाला, ती पेनड्राइव्हवर ठेवून पेनड्राइव्ह कपाटात टाका, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. पंचगंगेच्या पुरानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ‘सगळं एकाच ऑफिसात’ या पद्धतीचा भाव दाखवून दिलाय. रूट बनवतानाच नेम कन्स्ट्रेंट्स ही अट घालता आली तर घालाच. तिच्यात ‘ही अथॉरिटी फक्त अमुक नावं आणि अमुक आयपींसाठीच’ असं लिहिता येतं. मग किल्ली चोरीला गेली तरी त्या सहीचं बँकेच्या नावाचं सर्टिफिकेट ब्राउझर फेटाळतो. आणि हे रूट सगळ्या कारखान्याच्या कॉम्प्युटरवर टाकायचं कारण नाही. स्विच सांभाळणाऱ्या एक-दोन माणसांच्या मशीनवर टाकलं की पुरे.

आता स्विचचं सर्टिफिकेट. बहुतेकांचं घोडं अडतं ते नावापाशी. पूर्वी नाव ‘कॉमन नेम’ या रकान्यात लिहायचे. क्रोमनं २०१७ पासून तो रकाना बघणंच सोडलं, इतर ब्राउझरही त्याच वाटेनं गेले. आता ‘सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम’ हा रकाना भरलेला लागतो. ब्राउझरच्या पट्टीत तुम्ही जे टाइप करता ते हुबेहूब त्यात असलं पाहिजे. आयपी टाइप करत असाल तर आयपी, नाव टाइप करत असाल तर नाव. दोन्ही घालून ठेवा. आयपी मात्र आयपी या प्रकारातच घालायचा. तो डीएनएसच्या, म्हणजे नावाच्या, प्रकारात घातला की सर्टिफिकेट दिसायला बरोबर असतं आणि ब्राउझर तरी लालच. काही स्विच सही मागण्यासाठी जो अर्ज देतात, त्यात हा रकानाच नसतो. तिथे अर्ज तसाच घ्या आणि सही करताना एक्ससीएमध्ये तो रकाना आपल्या हातानं भरा. सही करणारा तुम्हीच आहात, अर्जात नसलेलं घालायचा अधिकार तुमचाच.

नाव ठरवताना शेवटी ‘डॉट लोकल’ लावायची जुनी पद्धत टाळा. ते नाव प्रिंटर वगैरे आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेसाठी राखीव आहे आणि दोघांची गल्लत होते. आतल्या नेटवर्कसाठी ‘डॉट इंटर्नल’ हे नाव इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅननं २०२४ मध्ये राखून ठेवलंय. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर नसेल तर तुमच्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये स्विचची नावं लिहिली तरी भागतं.

दुसरं म्हणजे घड्याळ. अनेक स्विचमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. लाईट गेली आणि यूपीएसनं दम तोडला की परत सुरू होताना स्विच बनवणाऱ्यानं ठरवलेल्या कुठल्या तरी जुन्या वर्षात जातो. अशा अवस्थेत त्यानं स्वतःचं सर्टिफिकेट बनवलं तर त्यावर १९७० किंवा १९९३ असल्या तारखा पडतात, आणि तुम्ही दिलेलं नवं सर्टिफिकेट काही स्विच ‘अजून चालू झालेलं नाही’ म्हणून नाकारतात. म्हणून सर्टिफिकेटला हात घालण्याआधी एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय, लावा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे आणि एनआयसीचे टाइम सर्व्हर आहेत. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ च्या आदेशात यंत्रणांची घड्याळं त्यांच्याशी जुळवायला सांगितलंच आहे. प्रत्येक स्विचला इंटरनेट द्यायची गरज नाही. राउटरला वेळ बाहेरून घेऊ द्या आणि स्विचना राउटरकडून.

किल्लीचा प्रकार आरएसए २०४८ बिट ठेवा. ४०९६ घेतली की छोट्या स्विचचा प्रोसेसर धापा टाकतो, आणि पी-२५६ जातीची किल्ली जुन्या फर्मवेअरला (स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरला) उमगत नाही. किल्ली स्विचवरच बनवता आली तर उत्तम. स्विच सीएसआर, म्हणजे सही मागणारा अर्ज, बाहेर देतो, तुम्ही सही करून सर्टिफिकेट परत देता आणि खासगी किल्ली स्विच सोडून कुठेच जात नाही. स्वस्तातल्या बऱ्याच स्मार्ट स्विचना हे जमत नाही. त्यांना किल्ली आणि सर्टिफिकेट दोन्ही बाहेरून चढवावी लागतात. तिथे टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीनं किल्ली पाठवायचा नाद करू नका. टीएफटीपीत ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. ज्या चोरापासून वाचायचं त्यालाच ती आयती मिळेल. लॅपटॉप घेऊन रॅकपाशी जा, स्विचला थेट केबल लावा, एचटीटीपीएसच्या पानावरून चढवा आणि लॅपटॉपवरची किल्ली काढून टाका. मध्ये दुसरं कुणी नाही हे इथं तुमच्या डोळ्यांना दिसतंय. म्हणून या एकाच वेळी प्रोसीड दाबायला माझी हरकत नाही.

फाइलच्या प्रकारावरूनही घोळ होतो. पीईएम प्रकारची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की वर ‘बिगिन सर्टिफिकेट’ अशी ओळ आणि खाली अक्षरांचा ढीग दिसतो. डीईआरमध्ये नुसता कचरा दिसतो, पण आत माल तोच. पीएफएक्समध्ये सर्टिफिकेट आणि खासगी किल्ली एकत्र, पासवर्डखाली बांधलेली. स्विच ‘इनव्हॅलिड फाइल’ म्हणाला तर सर्टिफिकेट पुन्हा बनवण्याआधी एक्ससीएमधून दुसऱ्या प्रकारात काढून बघा.

सर्टिफिकेट चढवलं म्हणजे ते लागू झालं असं नाही. बऱ्याच स्विचमध्ये एचटीटीपीएसनं कुठलं सर्टिफिकेट वापरायचं हे वेगळं निवडावं लागतं आणि ती सेवा बंद करून चालू करावी लागते. मालकांना इथे धाकधूक असते, “लाइन थांबणार काय?” नाही थांबत. पाकिटं पुढे ढकलणारा भाग आणि तुम्हाला पान दाखवणारा भाग वेगळा असतो. पान पाच मिनिटं बंद पडलं तरी मशीन शॉपचा डेटा वाहत राहतो. पान पुन्हा उघडलं की पत्त्याशेजारच्या चिन्हावरून सर्टिफिकेट उघडा आणि ‘इश्यूड बाय’च्या पुढे तुमच्या अथॉरिटीचं नाव आहे का ते वाचा. फायरफॉक्सची यादी विंडोजपेक्षा वेगळी असते. त्याच्या नव्या आवृत्त्या विंडोजची यादीही वाचतात, जुन्या वाचत नाहीत, तेव्हा क्रोममध्ये ठीक आणि फायरफॉक्समध्ये लाल असं झालं तर गोंधळू नका. सगळं जुळलं की मगच पोर्ट ८०चं एचटीटीपी आणि पोर्ट २३चं टेलनेट बंद करा (हे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, सेवेचा क्रमांक), आणि ते करताना लॅपटॉप स्विचला थेट जोडणारी कन्सोल केबल हाताशी असू द्या. कमांडनं काम करत असाल तर पोर्ट २२चं एसएसएच, म्हणजे टेलनेटसारखंच पण एन्क्रिप्टेड, आहेच. त्याची ओळख पटवायची किल्ली वेगळी असते, या सर्टिफिकेटचा तिच्याशी संबंध नाही. शेवटी कॉन्फिग सेव्ह. ते राहिलं आणि रात्री लाईट गेली तर सकाळी टेलनेट पुन्हा चालू, आणि तुम्हाला पत्ताही नाही.

सेकंडहँड बाजारातून आणलेल्या जुन्या स्विचचं दुखणं वेगळं. एचटीटीपीएसमधलं एन्क्रिप्शन ज्या टीएलएस पद्धतीनं होतं, तिची फक्त १.० आवृत्ती त्यातले कित्येक बोलतात. ते १९९९चं, आणि २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झालंय. ब्राउझर असं पान उघडतच नाही, प्रोसीडचीही सोय देत नाही. मग लोक एखाद्या कॉम्प्युटरवर जुना ब्राउझर मुद्दाम ठेवतात आणि त्याच ब्राउझरवर मेलही बघतात. त्यापेक्षा नवं फर्मवेअर मिळतंय का बघा. नसेल मिळत तर त्या स्विचचं वेब पानच बंद करून एसएसएच किंवा कन्सोलवर काम करा, आणि मॅनेजमेंटचा पत्ता वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका, जिथे फक्त तुमचं मशीन पोहोचेल. हे वेगळं व्हीलॅन खरं तर नव्या स्विचनाही हवंच. सर्टिफिकेट पासवर्डची चोरी थांबवतं. ‘अ‍ॅडमिन१२३’ कुणी अंदाजानं ओळखला तर ते काय करणार?

राहिली मुदत. सिस्को कंपनीच्या स्विचमधल्या आयओएस या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्यांनी स्वतः बनवलेल्या सर्टिफिकेटांवर शेवटची तारीख १ जानेवारी २०२० अशी आतच कोरलेली होती. त्या मध्यरात्रीनंतर ती सगळी एकदम बाद, आणि फर्मवेअर बदलल्याशिवाय नवीन बनवताही येईनात. आपल्याकडे मुदत आपणच ठरवतो, पण लक्षात कोण ठेवणार? माझा सल्ला, बदलायचा दिवस खंडेनवमीच्या आसपास धरा. यंत्रं पुसून पूजेला लावलेली असतात, स्विचच्या रॅकवरही झेंडूचं फूल पडतं, आणि मेंटेनन्सची माणसं हजर असतात. मात्र सर्टिफिकेट ३६५ दिवसांचं बनवू नका. दसरा २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला, म्हणजे ३८३ दिवसांनी. वर्षाचं सर्टिफिकेट पूजेच्या आधीच आडवं झालं असतं. अ‍ॅपलची मशीन ८२५ दिवसांपेक्षा लांब मुदतीचं सर्टिफिकेट मानत नाहीत, तुमच्याच रूटनं दिलेलं असलं तरी. तेव्हा ७३० दिवस घाला आणि बदला दरवर्षी. एखादं वर्ष हुकलं तरी मध्ये अधिक महिना नसेल तर पुढचा दसरा मुदतीच्या आत येतो. अधिक महिन्याच्या वर्षात तेवढं पंचांग बघून घ्या.